वजनकाट्याची १० जी (सेकंदाला दहा गिगाबिटची) लिंक रोज दुपारी अकरा ते चार अडखळते, रात्री चालते. मॉड्यूल आणि स्विच दोन्ही बदलून झाले

काटाघर
११ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात नेटवर्क सांभाळते. सहा वर्षं झाली. फायबरचं काम इथेच, हाताने करत शिकले आहे. मुळातच काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

कार्यालयातल्या सर्व्हर रूमपासून वजनकाट्याच्या केबिनपर्यंत २४ कोरची (२४ काचतंतूंची) आर्मर्ड सिंगल मोड फायबर केबल आहे, साधारण १.८ किलोमीटर. ऊस यार्डापर्यंत जमिनीखालून, तिथून पुढे बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) यार्डाच्या कडेने खांबांवरून. वाटेत दोन जॉइंट बॉक्स. केबल २०१४ ची आहे. गेल्या हंगामापर्यंत तिच्यावर १ जीचे एलएक्स मॉड्यूल (स्विचमध्ये बसून प्रकाश पाठवणारे-घेणारे भाग) होते आणि एकदाही तक्रार आली नाही. यंदा भरल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही काट्यांवर जादा कॅमेरे बसले, डिस्टिलरीचा डेटाही त्याच बाजूने आणायचं ठरलं, म्हणून गळीत सुरू व्हायच्या आधी दोन्ही टोकांना १० जी एलआर मॉड्यूल टाकले.

तेव्हापासून रोज दुपारी अकराच्या सुमारास त्रास सुरू होतो. लिंक पडत नाही, पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, पण काट्याकडच्या स्विचवर सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी) धडाधड वाढतात. वजनाची पावती एरवी दोन सेकंदांत निघते, तिला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, कधी दोनदा पाठवावी लागते. चारनंतर हळूहळू ठीक होतं. रात्री जवळजवळ शून्य.

सगळे म्हणतात दुपारी लोड असतो. मला ते पटत नाही. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो, रात्री दोनलाही यार्डात तेवढ्याच गाड्या असतात.

मी काय काय केलं ते सांगते. दोन्ही टोकांचे मॉड्यूल नव्या जोडीने बदलले, फरक नाही. काट्याकडचा स्विच बदलला, फरक नाही. कार्यालयाच्या बाजूच्या पॅचकॉर्ड नव्या टाकल्या, फरक नाही. शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल या कमांडने मिळालेली रीडिंग खाली देते. सगळी डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाच्या ताकदीच्या मापात (टीएक्स म्हणजे पाठवलेला प्रकाश, आरएक्स म्हणजे मिळालेला; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी):

कार्यालय: टीएक्स उणे २.४, आरएक्स उणे ४.६
काटा: टीएक्स उणे २.५, आरएक्स रात्री उणे १३.७, दुपारी अडीच वाजता उणे १५.२

आता वरून असं सुचवलं जातंय की ४० किलोमीटरवाले ईआर मॉड्यूल घ्या, ताकद जास्त असते, प्रश्न मिटेल. परवा खरेदी समितीची बैठक आहे. हे बरोबर आहे का?

एक सांगते, म्हणजे घाई का आहे ते कळेल. काट्याबाहेर रांगेत बैलगाडीवाले पहाटेपासून उभे असतात. उन्हात तोडलेल्या उसाचं वजन घटत जातं आणि ती घट शेतकऱ्याच्या बिलात दिसते. माझ्या स्विचमुळे कोणाचा ऊस तासभर जास्त उन्हात राहिला, हे मला सहन होत नाही.

रॅक४२
१२ जानेवारी, सकाळी ८:०५

ईआर मॉड्यूल घेऊ नका. बैठकीत कारणं विचारली तर ही दोन सांगा.

पहिलं कारण. तुमची एक दिशा उत्तम आहे, कार्यालयाला उणे ४.६ मिळतंय. ईआरचा टीएक्स उणे ४.७ ते अधिक ४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि त्याच्या रिसीव्हरला उणे १ पेक्षा जास्त प्रकाश चालत नाही. तुमच्या चांगल्या कोरवर घट जेमतेम दोन डीबी आहे. जोरदार मॉड्यूल मिळालं तर कार्यालयाच्या रिसीव्हरवर मर्यादेपेक्षा जास्त प्रकाश पडेल. मग प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लावा, म्हणजे अजून दोन जोड, अजून धूळ बसायला दोन जागा.

दुसरं कारण. एलआर १३१० नॅनोमीटरवर चालतं, ईआर १५५० वर. फायबर कुठे मुडपली असेल तर १५५० वर गळती कितीतरी जास्त होते. तुमचा दोष वाकण्याचा निघाला तर महाग मॉड्यूल टाकून लिंक आणखी बिघडेल.

आरएक्स उणे १५.२ म्हणजे १० जी एलआरच्या मर्यादेखाली. ती उणे १४.४ आहे. सीआरसी येणारच. १ जी एलएक्सची मर्यादा उणे १९. जुनी लिंक याच कोरवर कशी चालत होती याचं उत्तर इथे आहे: दोष कदाचित आधीपासून असेल, १ जीने तो पोटात घातला होता.

सीआरसी नेहमी घेणाऱ्या टोकाला मोजले जातात. एरर फक्त काट्याकडे आहेत, म्हणजे कार्यालयाकडून काट्याकडे प्रकाश नेणारा कोर बघा.

फोंड्याचा_केबलवाला
१२ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई, आधी आजचा दिवस काढा. २४ कोरमधले किती वापरात आहेत? मोकळा चांगला कोर असेल तर काटा त्यावर सरकवा, शोध मागाहून.

आणि पॅच पॅनेलवर हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत घातलेला नाही ना, ते डोळ्यांनी बघून या. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा यूपीसी, सरळ. दोन्ही एकाच कप्लरमध्ये (दोन टोकं समोरासमोर जोडणाऱ्या भागात) बसतात, लिंकही येते, पण मध्ये फट राहून प्रकाश वाया जातो. मी घरगुती जोडण्या करतो, तिथे सगळं हिरवं. ऑफिसवाल्यांचं सगळं निळं. नवीन पोराने गाडीतली हाताला लागेल ती कॉर्ड लावली की हा घोळ होतो.

काटाघर
१२ जानेवारी, दुपारी १:१५

हिरवा-निळा तपासलं. दोन्हीकडे निळेच आहेत.

आठ कोर वापरात आहेत, सोळा मोकळे. मोकळ्या कोरचं मोजमाप कोणाकडेच नाही. २०१४ च्या कामाची फाइल शोधली. त्यात बिल आहे, नकाशा आहे, पण एकही रीडिंग नाही. सध्या काटा पहिल्या ट्यूबच्या (केबलच्या आतल्या नळीच्या) निळ्या आणि नारिंगी कोरवर आहे. काट्याकडे प्रकाश येतो तो नारिंगीवरून.

ईआरची खरेदी थांबवण्याचं पत्र दिलं. रॅक४२, तुमची दोन्ही कारणं त्यात जशीच्या तशी घातली आहेत.

जुना_जॉइंटर
१२ जानेवारी, रात्री ९:५०

मी दूरसंचारच्या केबलवर एकतीस वर्षं जॉइंट मारले. आता निवृत्त आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. रीडिंग लिहून मग प्रश्न विचारणारी माणसं थोडी भेटतात, म्हणून सावकाश लिहितो.

पहिल्यांदा कागदावर हिशेब करा. १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरा, १.८ किलोमीटरला ०.६३. दोन बॉक्समधले दोन आणि दोन्ही टोकांच्या पिगटेलचे (पॅनेलमधल्या कनेक्टर लावलेल्या तुकड्यांचे) दोन, असे चार स्प्लाइस (फायबर वितळवून केलेले जोड). प्रत्येकी ०.१ धरले तरी ०.४. दोन पॅच पॅनेलवरचे दोन जोड, प्रत्येकी अर्धा, म्हणजे १. बेरीज साधारण २ डीबी. कार्यालयाकडून उणे २.४ निघालं तर काट्याला उणे ४.४ च्या आसपास पोचायला हवं. निळा कोर बरोबर तेच दाखवतोय. नारिंगीवर उणे १३.७. म्हणजे नऊ डीबी वाटेत कुठेतरी गळतायत. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो. नऊ डीबी म्हणजे आठातला एक भाग पोचतोय, सात भाग जातायत. एवढी गळती एका जागी असेलच असं नाही. माझा अंदाज दोन जागांचा आहे, कारण ही घट स्थिर नाही. तिचा मोठा भाग रात्रंदिवस तसाच आहे आणि दीड डीबी उन्हाबरोबर हलतोय. घाण उन्हाने हलत नाही. वाकलेली फायबर हलते.

आता क्रमाने जाऊ. मॉड्यूलवर शंका उरू नये म्हणून कोर उलटा करा. काट्याच्या पॅच पॅनेलवर निळ्या-नारिंगीच्या कॉर्डांची अदलाबदल, कार्यालयातही तशीच. आता नारिंगी कोर काट्याकडून कार्यालयाकडे प्रकाश नेईल. कमी रीडिंग कार्यालयात जाऊन बसलं तर दोष केबलचा, काट्यालाच राहिलं तर तिथल्या मॉड्यूलचा. एक पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. पाळी बदलताना करून घ्या.

हे झालं की साफसफाई. तुम्ही कार्यालयातल्या कॉर्ड बदलल्या, काट्याकडच्या बदलल्याचं लिहिलेलं नाही. काट्याची केबिन बगॅस यार्डापासून किती लांब आहे? बगॅसची भुकटी मी पाहिली आहे, ती कुलपाच्या भोकातूनही आत जाते. सिंगल मोडचा कोर नऊ मायक्रॉनचा. तुमच्या केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट. भुकटीचा एक कण नेमका मधोमध बसला की प्रकाशाला वाट राहत नाही.

साफ करताना शर्टाला पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ कनेक्टरवर बसते. वर्कशॉपमधल्या कंप्रेसरची हवा तर मुळीच नको. त्या हवेत तेलाचा अंश असतो आणि कारखान्यात हीच चूक सगळ्यात जास्त होते. क्लीनर पेन घ्या, एलसी आणि एससी या कनेक्टरच्या प्रकारांचं वेगवेगळं येतं. कॉर्डचं टोक साफ कराल तसं पॅनेलच्या आतल्या बाजूचं टोकही साफ करा आणि मॉड्यूलचं तोंडही. बहुतेक जण समोर दिसतं तेवढंच पुसतात, मग दोन टोकं जोडल्यावर आतली घाण पुन्हा बाहेरच्यावर उतरते. कोरड्याने निघालं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, तंतू न सुटणाऱ्या कापडाला एक थेंब, आणि लगेच कोरड्या जागेवर पुसून घ्यायचं. मिळाला तर मायक्रोस्कोप लावून आधीचं आणि नंतरचं चित्र बघा. एकदा पाहिलंत की न बघता कनेक्टर घालायला तुमचा हातच धजावणार नाही.

कनेक्टर तोंडासमोर धरून आत प्रकाश दिसतो का, हे कधीही बघू नका. १३१० डोळ्यांना दिसत नाही, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. काही दिसलं नाही म्हणून लिंक बंद आहे असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत.

अजून एक. मॉड्यूल स्वतःची जी रीडिंग सांगतं त्यात तीन डीबीपर्यंत चूक मान्य धरलेली असते. रोजचा चढउतार बघायला ते उत्तम, हिशेब मांडायला पॉवर मीटर हवा. मीटरवर तरंगलांबी १३१० निवडलेली आहे ना, तेवढं बघून घ्या.

काटाघर
१४ जानेवारी, रात्री १०:३०

काका, सगळं तुम्ही सांगितलं त्या क्रमाने केलं.

कोर उलटे केले तेव्हा कार्यालयाला उणे १३.५ आलं आणि काट्याला उणे ४.७. म्हणजे मॉड्यूल दोन्ही चांगले, नारिंगी कोरच खराब. ज्या नव्या मॉड्यूलच्या जोडीसाठी मी तातडीची मागणी करून सही घेतली होती, तिची गरज नव्हती.

काट्याची केबिन बगॅस यार्डापासून साठ-सत्तर मीटरवर आहे. पॅच पॅनेलचं झाकण काढलं तर आत बोटाने रेघ ओढता येईल इतका पिवळट थर. मायक्रोस्कोप कराडच्या एका ओळखीच्या इंजिनियरने दोन दिवसांसाठी दिला. नारिंगी कोरच्या आतल्या टोकावर मधोमध एक लांबट तंतू आडवा पडलेला, त्याच्या भोवती तेलकट कडं. कोरड्या पेनाने तंतू निघाला, कडं तसंच राहिलं. अल्कोहोलने दोनदा केल्यावर गेलं. कडं कुठून आलं याचा विचार करत होते. मग वॉचमनने सांगितलं की दिवाळीत, गळीत सुरू व्हायच्या आधी, कोणीतरी वर्कशॉपमधून पाइप ओढून रॅकवर हवा मारली होती. तुमचं वाक्य आठवलं.

रात्री साडेआठला काट्याचं रीडिंग उणे ८.१. साडेपाच डीबी नुसत्या पुसण्याने परत आले! सीआरसी शून्य. आज संक्रांत, पण आजही यार्ड भरलेलं होतं आणि पावती एकदाही अडली नाही. दुपारी मात्र उणे ९.४ पर्यंत उतरलं होतं. म्हणजे उन्हाबरोबर हलणारा भाग आहे तसाच आहे.

आमच्या साहेबांचं म्हणणं आहे की आता चालतंय, हंगाम संपेपर्यंत हात लावू नका. मर्यादा उणे १४.४, आपण उणे ९.४ वर, पाच डीबी हातात आहेत. तुम्हाला काय वाटतं?

जुना_जॉइंटर
१४ जानेवारी, रात्री ११:१५

साहेबांची काळजी मी समजू शकतो. चालत्या काट्याला हात लावायचा म्हणजे जोखीम. पण ही जोखीम कुठे वाढतेय ते बघा. आज जानेवारी आहे. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याकडे ऊन चाळिशीला टेकतं. काचेची फायबर कुठेतरी चिमटली आहे आणि रोज दुपारी थोडी अधिक दाबली जातेय, रात्री सुटतेय. अशा जागी काच हळूहळू थकते, आणि एक दिवस उणे ४० दाखवते. तो दिवस तुम्ही निवडलेला नसेल. आणि बॉक्समधल्या एका ट्रेमध्ये ट्यूबचे बाराही कोर असतात. नारिंगी एकटाच दाबला गेलाय याची खात्री काय?

काटा मोकळ्या कोरवर न्या आणि नारिंगीवर ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाशाची पल्स सोडून दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) लावा. मोकळे कोर आधी लाइट सोर्स आणि मीटरने मोजून घ्या. ओटीडीआरवाल्याला पुढचं सगळं आधीच सांगून ठेवा, कारण घाईत आलेला माणूस एक ट्रेस काढून निघून जातो.

दुसऱ्या टोकाचं मॉड्यूल काढून ठेवलेलं पाहिजे. ओटीडीआरच्या पल्सने रिसीव्हर जाऊ शकतो. सुरुवातीला लाँच केबल (यंत्र आणि तुमची केबल यांच्यामध्ये जोडायची जादा फायबर) लावायची, नाहीतर तुमच्या पहिल्या कनेक्टरचा दोष यंत्राच्या आंधळ्या पट्ट्यात लपतो. अंतर जेमतेम १.८ किलोमीटर आहे, म्हणून पल्स अरुंद ठेवायचा, दहा ते तीस नॅनोसेकंद. रुंद पल्सने जवळजवळच्या दोन घटना एकच दिसतात. आणि ट्रेस १३१० वर एक, १५५० वर एक, असे दोन. हे दोन ट्रेस शेजारी ठेवले की निदान झालंच म्हणून समजा: स्प्लाइस खराब असेल तर दोन्हींवर घट साधारण सारखी, फायबर वाकली असेल तर १५५० वर कितीतरी जास्त.

शक्य असेल तर हे दुपारी करा, दोष जागा असताना. सकाळी सातला मोजाल तर तो अर्धा झोपलेला सापडेल.

रॅक४२
१५ जानेवारी, सकाळी ८:४०

काकांचं बरोबर आहे. मी डेटा सेंटरमध्ये आहे, आमच्याकडे ऊन नाही की बगॅस नाही, तरी सवय हीच.

लिब्रेएनएमएससारखं नेटवर्कवर नजर ठेवणारं काही चालवत असाल तर आरएक्सचा आलेख पाच-पाच मिनिटांनी साठवा आणि अलार्म कंपनीच्या मर्यादेवर ठेवू नका. तो वाजतो तेव्हा एरर सुरू झालेले असतात. दुरुस्तीनंतर जे रीडिंग येईल ते पाया धरा आणि त्यापासून दोन डीबी हललं की मेसेज येऊ दे. तुमच्याच गोष्टीत बघा, काटा पहिल्या दिवसापासून उणे १३ वर होता. तो मर्यादेच्या आत होता, म्हणून कोणालाच काही कळलं नाही.

लिंक एका दिशेने मेली आणि दुसरीने जिवंत राहिली तर स्विचला ते समजावं म्हणून दोन्ही टोकांना यूडीएलडी चालू आहे का, तेही बघा.

काटाघर
१८ जानेवारी, रात्री ९:०५

सापडलं. सविस्तर लिहिते, कारण अशी केबल खूप कारखान्यांत आहे.

आधी मोकळे कोर मोजले. हिरव्यावर २.३ डीबी घट, तपकिरीवर २.६. परवा रात्री पाळी बदलताना काटा या जोडीवर आणला. अकरा मिनिटं लिंक बंद होती. तेवढ्या वेळात शेतकी विभागाच्या दोन मुलांनी हाताने पावत्या लिहिल्या, एकही गाडी परत पाठवावी लागली नाही.

काल दुपारी दोनला ओटीडीआर लावला. ठेकेदाराचा माणूस चांगला होता. लाँच केबल म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि गाडीतून काढून आणली. कार्यालयाकडून १३१० वर ट्रेस काढला: पहिला बॉक्स जेमतेम दिसतो, १.२१ किलोमीटरवर ४.६ डीबीची पायरी, पुढे सरळ. मग १५५० लावला. त्याच जागी ट्रेस खाली कोसळला आणि पुढचं सगळं गोंगाटात बुडालं. पडद्यावर दोन्ही रेषा एकावर एक आल्या तेव्हा काका, तुमचं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहिलं.

१.२१ किलोमीटर म्हणजे नक्की कुठे, यावर थोडी चर्चा झाली. नकाशावर दुसरा बॉक्स ११७० मीटरवर आहे. पण प्रत्येक बॉक्सपाशी केबलचं वेटोळं राखून ठेवलेलं आहे, आणि ट्यूबच्या आत फायबर केबलपेक्षा थोडी लांबच असते. हिशेब जुळला. दुसरा बॉक्स म्हणजे बगॅस यार्डाच्या पश्चिमेचा खांब. दुपारभर त्यावर थेट ऊन असतं.

बॉक्स खाली उतरवला. काळं प्लास्टिक हाताला चटका देत होतं. उघडल्यावर पहिल्या नजरेत काही दिसलं नाही, स्प्लाइस सगळे जागेवर. मग कार्यालयातून नारिंगीवर लाल लेझर पेन लावायला सांगितलं आणि आम्ही खांबाखाली टॉवेल धरून सावली केली. ट्रेच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, एक लाल ठिपका चमकत होता. दोन सीझनमागे कॅमेऱ्यांसाठी राखाडी आणि पांढरा कोर जोडायला हाच बॉक्स उघडला गेला होता. तेव्हा नारिंगीचं एक वेटोळं क्लिपमधून निसटलं असावं आणि झाकण त्याच्यावरच बंद झालं. बॉक्स तापला की झाकण फुगतं आणि फायबर चिमटते. वळण माझ्या करंगळीच्या नखाएवढं. केबलच्या आवरणावर जी.६५२डी (फायबरचा प्रकार) छापलेलं आहे, तिला तीस मिलिमीटरची त्रिज्या हवी.

ज्याने तेव्हा बॉक्स उघडला त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशी त्याने आपले दोन कोर मोजले, ते चांगले आले, तो गेला. बाकीचे कोर मोजायचे असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या कामाच्या आदेशातही ते नव्हतं. आता घातलं आहे: बॉक्स उघडला तर आधी आणि नंतर त्या ट्रेमधले सगळे कोर मोजून द्यायचे, त्याशिवाय बिल पास होणार नाही.

चिमटलेला तुकडा कापून नवा स्प्लाइस मारला. मशीनने ०.०२ दाखवलं. वेटोळी मोठी करून क्लिपमध्ये बसवली.

आज दुपारी अडीचला, काटा परत निळ्या-नारिंगीवर आणल्यानंतर: उणे ४.७. रात्री आठला: उणे ४.७. सात दिवसांपूर्वी हीच दोन रीडिंग उणे १५.२ आणि उणे १३.७ होती. आलेखाची रेघ सरळ झाली आहे, मी ती मघापासून तीनदा उघडून बघितली.

चोवीसही कोरची रीडिंग, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव लिहून तक्ता दोन्ही रॅकच्या दारांना आतून चिकटवला. काट्याच्या पॅनेलला झाकणाभोवती रबरी पट्टी लावली, मोकळ्या कप्लरना टोप्या घातल्या. अलार्म दोन डीबीवर लावला. यूडीएलडी कार्यालयाकडे चालू होतं, काट्याकडे नव्हतं, ते केलं. आणि वर्कशॉपच्या फोरमनना स्वतः भेटून सांगितलं की हवेचा पाइप रॅककडे आणायचा नाही.

एक शंका उरली आहे. तपकिरीवर २.६ आणि हिरव्यावर २.३. काल दुपारी तपकिरी पुन्हा मोजला तर २.९. हा ०.३ चा फरक मी मनावर घेऊ का?

जुना_जॉइंटर
१८ जानेवारी, रात्री १०:००

घ्या. मीटरचं टोक काढून घातलं तरी ०.२ इकडेतिकडे होतं, त्यामुळे एका मोजणीवर विश्वास नको. पण तपकिरी नारिंगीच्याच ट्रेमध्ये आहे. काल दुपारचं २.९ बॉक्स उघडण्याच्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल तर उद्या दुपारी पुन्हा मोजा, २.६ वर आलेलं दिसेल आणि शंका संपली. नंतरचं असेल तर बॉक्स बंद करताना आता तपकिरीचं वेटोळं कुठे टेकलंय ते बघावं लागेल, आणि ते पावसाआधी करा.

बॉक्स बंद करताना रबरी सील पुसून, वाळूचा कण नाही हे बघून बसवलंत ना? ते लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. बगॅस यार्डाजवळचा खांब आहे, जूनमध्ये पाणी आधी तिथेच शिरेल. केबल बॉक्समध्ये जाण्याआधी खाली एक झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे तिच्यावरून उतरणारं पाणी झोळातून खाली गळेल.

काटाघर
१८ जानेवारी, रात्री १०:२०

२.९ बॉक्स उघडण्याआधीचं आहे, दुपारी एकचं. उद्या एकलाच मोजते आणि इथे लिहिते.

सील पुसलं होतं. झोळ नाहीये, केबल सरळ वरून आत उतरते. सकाळी शिडी मागवली आहे.